‘१०९९’वरचे कमिशन स्वीकारावे का?

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीत स्थायिक झाली असून तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे. तेथील एका मॉर्गेज (गृहकर्ज) कंपनीने तिला ‘लोन ओरिजिनेटर’चे, म्हणजे ग्राहक शोधून त्यांची कर्जप्रकरणे करण्याचे काम पगाराविना, केवळ कमिशनवर, ‘१०९९’ पद्धतीने, म्हणजे कर्मचारी नव्हे तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, देऊ केले आहे. कर्जाचा व्याजदर जितका चढा तितके कमिशन जास्त, असे ते सांगतात. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. तिने हे काम घ्यावे का? – एक पालक, सातारा

उत्तर : आपल्याकडे डीएसएला, म्हणजे बँकेसाठी कर्जाचे ग्राहक आणणाऱ्या एजंटला, वितरित कर्जाच्या ठरावीक टक्क्यांनी कमिशन मिळते, हे आपण बँकेत पाहिलेच असेल. कर्जाच्या रकमेवर असे ठरावीक टक्के देण्यास अमेरिकेतही मुभा आहे. अडचण आहे ती आपण सहज लिहून गेलात त्या वाक्यात, कारण चढ्या व्याजदराला जास्त कमिशन ही अट तेथे बेकायदा आहे. २००८च्या आर्थिक संकटाआधी दलालांना अशाच रीतीने पैसे मिळत आणि स्वस्त कर्जाला पात्र असलेल्या कुटुंबांच्या गळ्यात महाग कर्ज मारले जाई. त्या अनुभवानंतर २०१०चा डॉड-फ्रँक हा वित्तसुधारणा कायदा आणि ‘रेग्युलेशन झेड’ ही कर्जविषयक नियमावली यांनी कर्जाच्या अटींशी मोबदला जोडण्यास मनाई केली. ४ लाख डॉलरच्या कर्जावर १ टक्का ठरला असेल, तर व्याज साडेसहा टक्के असो वा सव्वासात, तिला ४ हजार डॉलरच मिळायला हवेत. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून स्वतःच्या कमिशनमधून सूट देणेही, अनपेक्षित खर्चवाढीसारखा अपवाद सोडला, तर चालत नाही.

मुलगी कर्मचारी नसून कंत्राटदार असल्यामुळे हे नियम तिला लागू नाहीत, असे कंपनीने सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. कायदा ती कोणते काम करते ते पाहतो, आणि ही मनाई पैसे देणाऱ्याइतकीच घेणाऱ्यालाही आहे. ‘कंपनीने दिले, मी घेतले’ हा बचाव टिकणार नाही.

मुळात ‘१०९९’च मला खटकते. न्यू जर्सीत कंत्राटदार ठरण्याचे तीन निकष कडक आहेत, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. एफएचए या सरकारी गृहनिर्माण यंत्रणेचा विमा असलेली कर्जे देणाऱ्या संस्थांनी हे काम स्वतःच्या पगारी, म्हणजे ‘डब्ल्यू-२’वरील, कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यावे, अशी अपेक्षा असते; पहिले घर घेणारे अनेक जण हीच कर्जे घेतात, म्हणजे त्या ग्राहकांना ती मुकेल. शिवाय सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) या सरकारी योजनांचे मालकाचा व कर्मचाऱ्याचा असे दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के कर तिलाच भरावा लागेल, आणि प्राप्तिकराचे हप्तेही दर तिमाहीला स्वतःच भरावे लागतील.

परवाना मात्र तिने जरूर काढावा. लोन ओरिजिनेटरच्या परवान्याविषयीच्या २००८च्या सेफ कायद्यानुसार २० तासांचे प्रशिक्षण, ७५ टक्के गुणांची राष्ट्रीय परीक्षा आणि पार्श्वभूमीची तपासणी एवढे त्यासाठी लागते. मराठी मंडळातील ओळखींमधून ग्राहक मिळतील, हेही खरे. पण ग्राहक पाठवल्याबद्दल मित्राला किंवा घरांच्या एजंटला पैसे देणे घरखरेदीच्या व्यवहारांविषयीच्या रेस्पा कायद्यात बसत नाही, हे तिने आधीच ध्यानात ठेवावे.

तिने कंपनीकडे मोबदल्याची योजना लेखी मागावी. व्याजदराची अट काढून ठरावीक टक्केवारी आणि ‘डब्ल्यू-२’ मिळत असेल, तर टक्का थोडा कमी असला तरी पहिली दोन वर्षे तेथे काढण्यास हरकत नाही. कंपनी लेखी द्यायलाच टाळाटाळ करत असेल, तर सही न करता तिने दुसरी कंपनी शोधावी.