सर, मला संशोधन करायचंय

गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत एक वाक्य सारखंच आहे : "मला संशोधन करायचंय, एखादा चांगला विषय सुचवा." हे म्हणजे "लग्न करायचंय, स्थळ सुचवा" असं पेपरवाल्याला विचारण्यासारखं झालं. विषय मी सुचवणार नाही. पण ज्यांनी स्वतःची अडचण नेमकी लिहिली, त्यांच्या पत्रांतून काही निवडली आहेत. नावं गाळली आहेत. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

बी.एस्सी. दुसरं वर्ष, सातारा. पहिल्या वर्षी 61 टक्के पडले. आमच्या विभागातले एक सर गवतांवर काम करतात. त्यांना ई-मेल केला, तीन आठवडे उत्तर नाही. प्रत्यक्ष विचारायचं धाडस होत नाही. माझ्या मार्कांवर मला कोण घेणार?

तू पाठवलेला ई-मेल सोबत जोडलास हे बरं केलंस. त्यात तू मेहनती आहेस, जिज्ञासू आहेस, संशोधनाची आवड आहे, असं सगळं आहे. फक्त गवताचा उल्लेख नाही. तोच मजकूर रसायनशास्त्राच्या सरांना पाठवला असता तरी एक शब्द बदलावा लागला नसता. अशा पत्राला उत्तर काय देणार?

आधी एक काम कर. शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचायला मिळतात. सरांचा प्रबंध तिथे आहे का बघ. असला तर पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण वाच, मधलं आत्ता कळणार नाही. वाचताना जिथे अडशील तिथला एक प्रश्न वहीत लिही. मग भेटायला जा. कधी जायचं हे लॅबमधल्या मामांना विचार. सरांचा चहा कधी होतो आणि सरांचा मूड कधी बरा असतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

"प्रोजेक्ट द्या" म्हणू नकोस. "शनिवारी दुपारी दोन तास मोकळा असतो, काही काम असेल तर करीन," एवढंच म्हण. पहिले दोन महिने काचसामान धुणं, नमुने वाळवताना कागद बदलणं, लेबलं लिहिणं हेच वाट्याला येईल. त्याला कमी लेखू नकोस. विद्यार्थी असताना मी एका पावसाळ्यात चाळीसेक वनस्पती गोळा केल्या, छान दाबून वाळवल्या, आणि "तारीख-ठिकाण नंतर लिहू" म्हणून ठेवल्या. नंतर कुठली कुठून आणली ते आठवेना. मार्गदर्शकांनी एक शब्द न बोलता तो अख्खा गठ्ठा माझ्या हातात परत ठेवला. ठिकाण, तारीख, उंची, जमीन कशी होती, गोळा कुणी केली, हे लेबलवर नसेल तर वाळलेली वनस्पती आणि वैरण यांत फरक नाही.

राहिले मार्क. पहिल्या शनिवारी सगळेच येतात. चौथ्या शनिवारी, पाऊस असताना, कोण येतं ते आम्ही बघतो. 61 टक्के त्या दिवशी कुणाला आठवत नाहीत.

तासगाव तालुका, बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, तिसरं वर्ष. घरची दीड एकर द्राक्षबाग आहे. मातीतून वेगळा केलेला एक बॅसिलस जिवाणू द्राक्षाच्या भुरी आणि केवडा या रोगांवर चालतो का ते बघायचंय. पण वडील एकही ओळ फवारणीशिवाय सोडायला तयार नाहीत. मग प्रयोग कसा करायचा?

वडिलांचं शंभर टक्के बरोबर आहे. फुलोऱ्याच्या आसपास ढगाळ हवा आली, पानं रात्रभर ओली राहिली, तर केवडा आठवड्याभरात घड घेऊन जातो. तुझ्या प्रयोगासाठी त्यांनी वर्षाचं उत्पन्न पणाला लावायचं कारण नाही.

पण तू प्रश्न थोडा फिरवलास तर वाट निघते. "माझा बॅसिलस औषधाऐवजी चालतो का?" हा प्रश्न सोड. "नेहमीच्या फवारणीवर बॅसिलसची जोड दिली तर काही फरक पडतो का?" असं विचार. वडिलांची फवारणी सगळ्या बागेला होईल. काही ओळींना वर तुझं मिश्रण, उरलेल्यांना तेवढंच साधं पाणी. पाणी मारणं विसरू नकोस, नाहीतर फरक जिवाणूचा की नुसत्या ओलाव्याचा ते कळणार नाही. बॅसिलस जिवंत आहे, त्यामुळे वडील औषध कधी मारतात त्या तारखा बघून तुझे दिवस ठरव, आणि आधी लॅबमध्ये तो त्या औषधात तग धरतो का हे तपास. मुख्य म्हणजे घरच्या बागेवर मारण्याआधी तो जिवाणू नेमका कोणता आहे हे तुझ्या मार्गदर्शकांकडून पक्कं करून घे, आणि निर्यातीचा माल असेल तर वडिलांना विचारल्याशिवाय एक थेंबही मारू नकोस.

कुठल्या ओळीला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरव. बांधाकडेच्या ओळी मोजणीत घेऊ नकोस, शेजारच्याच्या फवाऱ्याचं औषध तिथे उडून येतं आणि रस्त्याची धूळही. प्रत्येक ओळीतली चार-पाच झाडं निवडून झाडाच्या दहा पानांना दोरा बांध, आणि दर चार दिवसांनी तीच पानं बघ. नाहीतर होतं काय, की डोळा आपोआप रोगट पानाकडे जातो, आणि ज्या ओळीत आपल्याला यश हवंय तिथे हिरव्या पानाकडे जातो. त्यावरही उपाय आहे : कुठल्या ओळीला काय मारलं हे धाकट्या भावाला लिहून ठेवायला सांग आणि हंगाम संपेपर्यंत तू ते बघू नकोस. दव किती वाजेपर्यंत टिकलं हेही रोज लिही. ती एक नोंद पुढे सोन्यासारखी ठरेल.

एक चूक तू करणार आहेस हे पत्रातून दिसतंय, म्हणून आत्ताच सांगतो. लॅबमध्ये आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर भुरी वाढवून तिच्याशेजारी बॅसिलस लावणार, असं तू लिहिलंयस. भुरी प्लेटवर वाढत नाही. केवडाही वाढत नाही. दोघांनाही जिवंत पान लागतं. पानाच्या गोल चकत्या कापून ओलसर कागदावर ठेवून बघावं लागेल. प्लेटवर वाढतो तो करपा, द्राक्षावरचाच आणखी एक रोग. पहिल्याच प्रयोगासाठी मी तरी करपाच घेईन.

आणि वडिलांची फवारणीची वही माग. निर्यातीसाठी बाग नोंदवलेल्यांकडे छाटणीपासूनच्या फवारण्या तारखेनिशी लिहिलेल्या असतात. मागच्या पाच वर्षांच्या वह्या आणि त्या वर्षांचा पाऊस शेजारी शेजारी मांडलास, तर बॅसिलस फसला तरी तुझ्या हातात काहीतरी असेल.

बी.कॉम., सांगली. एका नियतकालिकाचा मेसेज आला : 1800 रुपयांत तीन दिवसांत पेपर छापून मिळेल, प्रमाणपत्र आणि आयएसएसएन क्रमांकासह. मैत्रिणींनी भरले. मीही भरू का?

नको. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक असतो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट आहे म्हणून गाडीला ब्रेक आहेत असं होत नाही. खरं नियतकालिक लेख दोन-तीन जाणकारांकडे पाठवतं, ते शंका काढतात, लेखक दुरुस्त्या करतो. याला कित्येक महिने लागतात. तीन दिवसांत फक्त पैसे पोचतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची जी यादी होती तीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे "यूजीसीमान्य" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथूनच परत फिर.

पदवीच्या वयात पेपर नसला तर कुणाचं काही अडत नाही. लोकांसमोर काम मांडायची हौस असेल तर 'आविष्कार' आहे. 2006 पासून राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा होते, वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी यांचा त्यात एक गट असतो. तिथे पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकांच्या तिरकस प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, ती शिकवणी फुकट आहे. 1800 रुपयांचं भडंग घेऊन वर्गात वाटलंस तर निदान चार जण नाव तरी काढतील.

वाई. बी.ए. इतिहास. आमच्या वाड्यात मोडी कागदांचं एक गाठोडं आहे. यावर काही करता येईल का? चुलते म्हणतात, जुने कागद बाहेर काढू नका.

वाईतून हा प्रश्न यावा याचा मला आनंद झाला. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, त्यातली पानिपतची पत्रं त्यांना वाईतच मिळाली होती.

चुलत्यांची भीती जमिनीची आहे, हे तुलाही कळतंय. म्हणून पहिली बैठक त्यांच्याशी. कागद घरातच राहतील, फोटो काढीन, हिश्श्यासंबंधीचं काही बाहेर जाणार नाही, हे शब्द दे आणि पाळ. कागद सगळ्या भाऊबंदांचे आहेत, एकट्याच्या परवानगीवर पुढे जाऊ नकोस.

गाठोडं सोडताना कागदांचा क्रम मोडू देऊ नकोस, वरून खाली नंबर घालत जा, तेही वेगळ्या चिठ्ठीवर. चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. मी लॅमिनेट केलेली एक सनद पाहिली आहे, आता ती प्लॅस्टिकपासून सुटी होणं अवघड. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ.

मोडी चार-सहा महिन्यांत बऱ्यापैकी लागते. जास्त घोळ तारखांचा होतो. जुन्या कागदांत वेगवेगळे सन असतात. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, फसली सनात 590, आणि सुहूर सनात 599. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. कुठला सन आहे हे न बघता बेरीज केली की नातू आजोबांच्या आधी जन्मतो. आणि मोठा विषय घेऊ नकोस. "मराठेशाहीचा महसूल" नको. त्या गाठोड्यात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, धान्याचे भाव किंवा सावकारी व्याज यांपैकी जे सगळ्यात जास्त वेळा येतं, तेवढंच घे.

पालक, कराड. मुलीला बी.एस्सी.नंतर चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' करायचंय. करू द्यावं की सरळ एम.एस्सी.ला घालावं?

नियम असा की पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त असतील तर संशोधनाचा पर्याय मिळतो, आणि त्या वर्षात 12 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रबंध करावा लागतो. पुढे एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकतं. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेलाही थेट बसता येतं.

हे कागदावर झालं. तुम्ही कॉलेजात जाऊन एवढंच विचारा, की हिला मार्गदर्शन कोण करणार, आणि त्यांच्याकडे या वर्षी असे किती विद्यार्थी आहेत. नाव आणि आकडा लगेच मिळाला तर करू द्या. "बघू, सोय होईल" असं उत्तर आलं तर एम.एस्सी. बरं. दरम्यान तिला देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करायला सांगा. दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं मिळतं. अर्ज उन्हाळ्यात नाही, त्याच्या बऱ्याच आधी हिवाळ्यात भरायचा असतो, आणि आमची मुलं नेमकी तिथेच चुकतात. शिफारसपत्र लागतं, ते मुदतीच्या आदल्या रात्री मागू नये.

कासच्या पठारावरून कंदीलपुष्पाचे नमुने आणून प्रोजेक्ट करू का?

वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही. आणि पदवीच्या प्रोजेक्टसाठी अशी परवानगी मागूही नये, असं माझं मत आहे. कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, कंदीलपुष्पाच्या काही जाती मोजक्याच ठिकाणी उरल्यात. दुर्मीळ झाड दिसलं तर फोटोबरोबर नेमकं ठिकाणही नेटवर टाकू नकोस. तुझ्या गावामागच्या टेकडीवर जांभा दगड असेल तर तिथेही तेरडा, सीतेची आसवं उगवतात. दर रविवारी तीच वाट चाल आणि कुठलं फूल कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसलं ते लिही.

इंजिनिअरिंग, सिव्हिल, दुसरं वर्ष, सांगली. सगळे मित्र नेटवरून तयार डेटा घेऊन पुराचा अंदाज सांगणारं मॉडेल बनवतायत. मला काहीतरी वेगळं करायचंय.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण पुलावरचा आकडा वाढला की माझ्या गल्लीत पाणी कुठवर येतं, हे अजून माणसं आठवणीवरच सांगतात.

गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, दत्तनगर या भागांत फिर. 2005, 2019, 2021 च्या पाण्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर, दारांच्या चौकटींवर करून ठेवल्यात. दुसऱ्या वर्षाला सर्व्हेइंग झालेलं असेल, कॉलेजातून ऑटो लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी) मिळेल. उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, म्हणजे बेंचमार्कपासून, लेव्हल घेत प्रत्येक खुणेची उंची काढ, नकाशावर मांड. खूण कुणी केली, कोणत्या दिवशी, पाणी चढताना की उतरल्यावर, हे विचारून लिही. एकाच गल्लीतल्या दोन खुणा जुळणार नाहीत. दोन्ही लिही, सोयीची एक निवडू नकोस. मित्रांच्या मॉडेलना ताडून बघायला नंतर हाच नकाशा लागेल, तेव्हा तेच तुझ्याकडे येतील.

मात्र दिवाळीच्या आत जा. दिवाळीला घरं रंगवायला काढतात, आणि दरवर्षी त्यात काही खुणा चुन्याखाली जातात.