आईची जन्मनोंद आधी शोध

प्रश्न : ताई, मी नॉर्ग्येलिंगची. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ आमची तिबेटी वसाहत आहे. माझा जन्म १९९८ चा. शाळा आणि नर्सिंग दोन्ही महाराष्ट्रातच झालं. आईचा जन्म १९७५ चा, वसाहतीतल्या घरीच. ती हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकते. बाबा १९९३ मध्ये नेपाळमार्गे चालत आले, जवळ कागद नव्हता. धाकटा भाऊ २००६ चा. आम्हा चौघांकडेही आर.सी. आहे, म्हणजे परदेशी म्हणून पोलिसांकडे केलेल्या नोंदणीचा दाखला. मला नर्स म्हणून परदेशी जायचंय. पासपोर्टसाठी एका कार्यालयात गेले, तर खिडकीवरच ऐकवलं, ‘तुम्ही निर्वासित, तुम्हाला पिवळं पुस्तक मिळेल,’ म्हणजे पासपोर्टऐवजी तिबेटींना प्रवासासाठी मिळणारं ओळखपत्र. मी खरंच निर्वासित आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, बाळा. तू भारतीय आहेस, आणि आजची नाही, जन्मल्या दिवसापासूनची.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याचं तिसरं कलम म्हणतं की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्माने नागरिक, आईबाप कुठलेही असोत. म्हणजे तुझी आई नागरिक. त्यानंतर, ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्यांना आई किंवा वडील, दोघांपैकी एक नागरिक असला तरी पुरतं. तू त्यात बसतेस. तुला नागरिकत्व कुणाकडे मागायचं नाहीये, जे आहे ते फक्त कागदावर दाखवायचंय.

आईच्या आर.सी.ची झेरॉक्स तू पाठवलीस, ती मी बराच वेळ बघत बसले. नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक उमटलेत. त्याच कागदावर जन्मस्थान भारत आणि राष्ट्रीयत्व तिबेटी. पन्नास वर्षांची बाई, जन्मली त्याच गावात राहते, आणि पोलिसांच्या दफ्तरी परदेशी! आर.सी. घेतली म्हणजे नागरिकत्व गेलं, असं मात्र होत नाही. १९८६ साली कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांनाही तिबेटी म्हणून पासपोर्ट नाकारला होता. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं. तुझी केस आईच्या खांद्यावर उभी आहे, म्हणून जमलं तर आधी पासपोर्ट आईचा काढा.

खरी अडचण पुराव्याची आहे. घरच्या बाळंतपणाची नोंद झाली होती का, ते ग्रामपंचायतीत पाहा. तिथे नसेल तर भंडाऱ्याला विचारा. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, १९७५ मध्ये तुमचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं, हे खिडकीवरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या. वसाहतीच्या कार्यालयातली जुनी कुटुंबयादी मागा. नोंद कुठेच नसेल तर विलंबित नोंदणीचा अर्ज करावा लागेल. २०२५ पासून राज्यात त्याची छाननी फार कडक झालीये, तेव्हा कागद भक्कम ठेवा आणि एजंटाच्या नादी मुळीच लागू नका. बाळंतपण केलेली दाई हयात असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या.

आता जे सांगते ते मला स्वतःलाच पटत नाही. २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने भारतात जन्मलेल्या अशा तिबेटींना पासपोर्ट द्यायचं कबूल केलं, पण सोबत अटी लावल्या. आर.सी. आणि पिवळं पुस्तक रद्द करायचं, धरमशालेतल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या, आणि वसाहतीत राहायचं नाही. कायद्याने जे जन्मतः तुझ्या आईचं आहे, त्यासाठी तिने इटियाडोह धरणाच्या काठचं घर का सोडावं? हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अट मात्र आहे. म्हणून घरात आधी नीट बोला. आईला घर सोडायचं नसेल तर तिच्यावर दडपण आणू नकोस. तिच्या जन्माचे कागद तुझ्या अर्जाला लागतील, तिने पासपोर्ट काढलाच पाहिजे असं नाही. तू नागपुरात राहतेस, तुला ही अट तितकी जड जाणार नाही. वकिलाला दाखवल्याशिवाय आर.सी. परत करू नकोस.

बाबांचं वेगळं आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्या कायद्यात ‘निर्वासित’ असा दर्जाच नाही. ते परदेशी म्हणून आर.सी.वरच राहतील. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीचाही उपयोग नाही, ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी आहे.

भावाचं सांगताना मला वाईट वाटतं. तो २००४ नंतरचा. त्याच्यासाठी आई नागरिक असणं पुरत नाही, वडील ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावेत असंही कायदा म्हणतो, आणि बाबा कागदाशिवाय आले. एका ताटात जेवणारी बहीणभावंडं, एक नागरिक, एक परदेशी. त्याच्या आर.सी.ची मुदत चुकू देऊ नका. पुढे परदेशी शिकायला जायचं झालं तर त्याला पिवळ्या पुस्तकावरच जावं लागेल.

आई या हिवाळ्यात नागपूरला येईल तेव्हा दोघी मूळ कागद घेऊन मासिकाच्या पत्त्यावर मला भेटायला या. आजी हयात असतील तर त्यांना आत्ताच फोन करून त्या दाईचं नाव विचारून ठेव.