इतकं भडक फुलपाखरू वाचतं कसं?

प्रश्न: हेलिकोनियस फुलपाखरू एवढं लाल-काळं, लांबूनही दिसणारं, मग पक्षी त्याला खात कसे नाहीत?

उत्तर: अहो, भडक आहे म्हणूनच खात नाहीत! मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या या फुलपाखराच्या अळ्या कृष्णकमळाच्या जातीच्या वेलींची पानं खातात, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, आणि मोठं झाल्यावर फुलपाखरू स्वतःही ती बनवतं. पक्ष्याने एकदा चोच मारली की ती वाईट चव रंगासकट डोक्यात फिट्ट बसते. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, एराटो आणि मेल्पोमेनी या दोन वेगळ्या जाती एकाच भागात जवळपास सारख्याच दिसतात, दोन्ही विषारी, म्हणजे पक्ष्यांना धडा शिकवताना जे जीव जातात ते दोघींत वाटले जातात. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलरने अशा जोड्यांमागचा हा हिशोब १८७९ मध्येच मांडला होता.