खाडीच्या पाण्याची रीडिंग घेणाऱ्या नवीन मुलांनो, जरा ऐका

ऐरोलीला खाडीचं पाणी घेऊन डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) आणि क्षारता (पाण्याचा खारेपणा) मोजतोयस ना, मग पहिलं सांगतो, नुसता आकडा म्हणजे डेटा नाही रे, सोबत वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, मीटर कुठलं, कॅलिब्रेट कधी केलं (म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून कधी जुळवलं) हे सगळं लागतं. भरती-ओहोटीने क्षारता बदलते, दुपारी शेवाळामुळे ऑक्सिजन चढतो आणि पहाटे उतरलेला असतो, म्हणजे सकाळचं एक नि दुपारचं एक रीडिंग घेऊन 'प्रदूषण कमी झालं' लिहिलंस तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) धुलाई नक्की.

एकाच बाटलीतून तीनदा मोजलं तर मीटर किती हलतं तेवढंच कळतं, खाडी किती बदलते त्यासाठी वेगवेगळ्या बाटल्या भराव्या लागतात, इथे भलेभले गडबड करतात.

विचित्र रीडिंग आलं तर खोडू नको, एक रेघ मार, बाजूला कारण लिही. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनच्या १९१३ च्या पेपरात ५८ थेंब आहेत, वह्यांमध्ये त्याहून बरेच जास्त, बाकीचे का गाळले यावर लोक अजून भांडतायत (मला विचारशील तर त्याला एवढं झोडपायची गरज नाही, पण वह्या होत्या म्हणून तर कळलं). एक्सेल घरी जाऊन भर, खाडीवर वही आणि पेनच.