सुबारू आउटबॅकला 2 इंचांचं लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोलोरॅडोत राहता, 2014 ची आउटबॅक 2.5 आहे, टायर कंपनीच्या मापाचे म्हणजे 225/60 आर17. ट्रेलहेडकडे, म्हणजे डोंगरातल्या पायवाटा सुरू होतात तिथे, जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर गाडी खाली घासते, म्हणून 2 इंचांचं स्पेसर किट (सस्पेन्शन आणि बॉडीमध्ये घालायचे जाड ठोकळे) बसवायचं मनात आहे. पुढे ती यूटामध्ये कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कलाही न्यायची आहे.

माझ्याकडे याच पिढीची आउटबॅक आहे आणि सस्पेन्शनचं काम मी स्वतःच्या हाताने करतो, त्यामुळे स्पष्ट सांगतो. आधी टायर आणि इंजिनखालची संरक्षक प्लेट करा. तरीही घासत असेल तर 1 इंच उचला. पूर्ण 2 इंच मी या गाडीला करणार नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा आणि ओरखडे नेमके कुठे आहेत ते बघा. पुढच्या बंपरच्या खालच्या ओठावर असतील तर तो अ‍ॅप्रोच अँगलचा प्रश्न आहे. या गाडीचं नाक चाकांच्या बरंच पुढे येतं, त्यामुळे चढ सुरू होताना तेच आधी टेकतं. इंजिनखालच्या प्लास्टिक कव्हरवर किंवा मधल्या एक्झॉस्ट पाइपवर असतील तर मात्र खरोखर उंची कमी पडते आहे. बंपर टेकत असेल तर वेग कमी करून, चर तिरका ओलांडून बरंच काम भागतं. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली लागत असेल तर प्लास्टिक काढून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवा, ऑइल काढायला भोक असलेली. दगड लागणारच आहे, तो कशाला लागतो हे आपल्या हातात असतं.

आता टायर. 225/60 आर17 चा व्यास सुमारे 702 मिमी, 225/65 आर17 चा 724. म्हणजे गाडी 11 मिमी वर येते. ऐकायला कमी वाटतं, पण ही एकच उंची अशी आहे जी गाडीखालच्या प्रत्येक भागाला मिळते, अगदी चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या टोकालाही. शिवाय जाड भिंतीचा ऑल-टेरेन टायर अणकुचीदार खडीवर जो भरवसा देतो तो कुठल्याही स्पेसरने मिळत नाही. स्पीडोमीटर तीन टक्क्यांनी कमी दाखवेल, ते लक्षात ठेवा. घेण्याआधी टायर आणि स्ट्रटवरची (स्ट्रट म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) स्प्रिंगची ताटली यांच्यातली फट मोजा, ती मुळातच कमी आहे. आणि बदलायचे तर चारही एकदम बदला. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चार चाकांचा घेर सारखाच लागतो. सुबारू पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटरचा क्लच सतत घसरत राहतो आणि शेवटी जळतो.

एवढं करूनही भागलं नाही, तरच लिफ्ट. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. बोलेरोसारख्या गाडीत मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो, सस्पेन्शन कितीही उचललं तरी डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, आहे तिथेच राहतं. आउटबॅकचं सस्पेन्शन चारही चाकांना स्वतंत्र आहे आणि डिफरन्शियल बॉडीला लटकलेलं आहे, त्यामुळे बॉडीबरोबर तेही वर येतं. पण त्याची किंमत अ‍ॅक्सल शाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, मोजतात. चाक आहे तिथे, डिफरन्शियल वर, म्हणजे मधला शाफ्ट जास्त तिरका. जॉइंट सतत त्या कोनात फिरतात, जॉइंटवरच्या रबरी बुटाच्या, म्हणजे आवरणाच्या, घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटतो आणि मग वळणावर टक-टक ऐकू येतं.

विसरू नका, आउटबॅक हीच मुळात उंच केलेली लेगसी वॅगन आहे. कंपनीने घ्यायची ती उंची आधीच घेतलेली आहे, तुमच्या गाडीला 8.7 इंच आहे. 2022 च्या मॉडेलमध्ये सुबारूने आउटबॅक वाइल्डरनेस आणली तेव्हा ती 9.5 इंचांवर नेली, म्हणजे फक्त 0.8 इंच जास्त. त्यासाठी स्प्रिंग आणि शॉक बदलले, फायनल ड्राइव्हचा, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचा, रेशो 4.44 केला आणि टायर दिले 225/65 आर17. ज्यांच्याकडे अख्खी टेस्टिंगची यंत्रणा आहे ते पाऊण इंचावर थांबले, हे मला फार बोलकं वाटतं.

स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर, बॉडीच्या खाली बसतो. स्प्रिंग उघडावी लागत नाही आणि गाडी चालायला पहिल्यासारखीच वाटते. मात्र चाक हवेत लोंबतं तेव्हा ते स्पेसरच्या जाडीइतकं आणखी खाली जातं, आणि जॉइंटवर खरा ताण तिथेच येतो. उंच स्प्रिंग घातल्या तर हा त्रास नाही, पण जुन्याच स्ट्रटवर घातल्या तर खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यातून निघताना स्ट्रट वरच्या टोकाला ठक्कन आपटतो. 1 इंचापर्यंत मी स्पेसरच निवडेन. सबफ्रेमही (बॉडीखालची चौकट, जिच्यावर सस्पेन्शन बसतं) स्पेसर लावून खाली घेणारी मोठी किट मिळतात. त्यांनी शाफ्टचा कोन वाचतो, पण सबफ्रेम आणि तिला लटकलेलं सगळंही तेवढंच खाली येतं. मग कमावलं काय?

गराजमध्ये टाकणार असाल तर मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण घाईत हीच राहून जाते. आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. ते आधी ढिले करायचे, स्पेसर बसवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत चिरतं. चाकं लोंबत असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघून घ्यायचं.

गाडी उचलल्यावर मागची चाकं ट्रेलिंग आर्ममुळे (चाकाला पुढून धरणारा दांडा) किंचित पुढे सरकतात, टायर मोठे असतील तर ते मडगार्डच्या पुढच्या कडेला लागतात का ते पाहा. पुढच्या चाकांचा माथा बाहेर कलतो आणि टायरची बाहेरची कड झिजू लागते. हा कल स्ट्रटच्या कॅम्बर बोल्टवर जुळवता येतो. त्यामुळे चार चाकांचं अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि काही शे मैलांनी पुन्हा एकदा.

आता कॅन्यनलँड्स. तिथल्या व्हाइट रिमसारख्या 4x4 रस्त्यांवर लो-रेंज गिअर, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा जादा गिअर, असलेलीच गाडी लागते, पार्क ऑल-व्हील-ड्राइव्हला त्यात धरत नाही. गाडी कितीही उचलली तरी हे बदलत नाही. आणि त्यामागे कारण आहे: उभ्या चढावर हळूहळू रांगताना सीव्हीटी (या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तापतो, मोठ्या टायरने त्याच्यावरचा भार आणखी वाढतो. तापमानाचा दिवा लागला तर थांबा, इंजिन न्यूट्रलवर चालू ठेवा आणि दिवा जाईपर्यंत निघू नका.

तुमच्या गाडीला आयसाइट असेल, म्हणजे काचेच्या वर आत दोन कॅमेरे, तर सस्पेन्शनची उंची बदलण्याविरुद्ध सुबारूचा स्पष्ट इशारा आहे. ती प्रणाली त्या उंचीवरून अंतर मोजते आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावते. कॅमेरे असतील तर मी टायर आणि प्लेटवरच थांबेन. नसतील आणि 1 इंच उचललीत, तर हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातील. घाटातल्या वळणांवर वेगही आधीपेक्षा कमी ठेवा, विशेषतः छतावर सामान असेल तेव्हा.