बॉनेट उघडून : वीस वर्षांच्या व्हीटेकला कुठलं ऑइल?

प्रश्न : मागच्या दिवाळीत 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक घेतली. मीटरवर 1,46,000 किलोमीटर. रोज शाहूपुरी ते एमआयडीसी आणि परत, रविवारी कास नाहीतर पाचगणी. आमचे मेकॅनिक म्हणतात, जुनी गाडी आहे, 20डब्ल्यू-50 टाका. मुलगा म्हणतो, हल्लीच्या गाड्यांना असतं तसं 0डब्ल्यू-20 फुल सिंथेटिक. दुकानदाराने 5डब्ल्यू-30 हातात दिलं. सकाळी इंजिनातून टकटक येते, ऑइल थोडं कमी होतं आणि वरच्या आरपीएमला जी किक लागायची म्हणतात, ती मला कधी लागलेलीच नाही. नेमकं काय टाकू?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आधी एक सांगतो, ही गाडी विकू नका. 106 बीएचपीची ती सिटी चालत्या हालतीत ठेवलेली माणसं आता थोडीच उरलीत, आणि पुण्याची गिऱ्हाइकं अशा गाड्यांच्या मागावर असतात.

आता ऑइल. डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा गरम असतानाच्या जाडीचा. तिघांनी तीन सल्ले दिले, पण इंजिन मोजलं कुणीच नाही. ‘जुनी गाडी, जाड ऑइल’ हे गणित अँबॅसिडर-फियाटच्या काळातलं. तुमच्या इंजिनाची जातच वेगळी. इनटेकच्या बाजूला प्रत्येक सिलिंडरला तीन रॉकर आहेत. खालच्या आरपीएमला कडेचे दोन रॉकर व्हॉल्व्ह उघडतात, मधला नुसताच हलत असतो. आरपीएम चढला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सोलेनॉइडला (विजेवर उघडणारी झडप) सांगतो, ऑइल दाबाने आत शिरून रॉकरमधली पिन सरकवतं, तिन्ही रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि उंच कॅमचं राज्य सुरू होतं. व्हीटेक म्हणतात ते हेच, आणि तुम्ही म्हणता ती किक हीच. या गाडीत ऑइलच्या दाबावर वंगणही चालतं आणि व्हॉल्व्हही.

म्हणून किक लागत नाही म्हटल्यावर डब्यावरचा आकडा बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, डिपस्टिक. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. लेव्हल खालच्या खुणेला टेकली असेल तर घाटातल्या वळणावर पंप हवा ओढतो, दाब पडतो, पिन सरकत नाही. दोन, हेडच्या कडेला बसवलेला व्हीटेकचा सोलेनॉइड. तो उतरवला की मागे गॅस्केटमध्येच एक बारीक जाळी असते, नखाएवढी. वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती काळ्या चिकट्याने बुजलेली निघते. ते गॅस्केट कडक झालं की तिथूनच ऑइल झिरपतं आणि इंजिनावरून ओघळत खाली येतं. लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. नवं गॅस्केट घाला, जाळी नवीच मिळते.

मग दाब मोजा. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, चांगल्या गॅरेजात असतो. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो पेटतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. गाडी अजिंक्यताऱ्यावर चढवून आणा, म्हणजे ऑइल खरोखर तापेल. होंडाच्या या घराण्यातल्या इंजिनांना गरम असताना आयडलला किमान 10 पीएसआय आणि 3,000 आरपीएमला किमान 50 पीएसआय दाब लागतो. एवढा दाब येत असेल तर बेअरिंगं आणि पंप ठीक आहेत. मग 50 चं ऑइल घालायचं कारणच काय?

जाड ऑइलने गेजचा काटा वर जातो हे खरं. पण दाब वाढला म्हणजे ऑइल जास्त फिरतं असं नाही. आरपीएम वाढला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकात) सोडतो. इंजिन गरम होईपर्यंत 20डब्ल्यू-50 चं बरंचसं याच वाटेने जातं आणि कॅमपर्यंत, व्हीटेकच्या बारीक वाटांपर्यंत उशिरा पोचतं. सातारच्या डिसेंबरातल्या सकाळी हे जाणवतं. तुमच्या वीस मिनिटांच्या फेरीत तर ते ऑइल धड गरम व्हायच्या आतच गाडी एमआयडीसीत पार्क होते.

मुलाचा सल्ला दुसऱ्या टोकाचा. 0डब्ल्यू-20 ज्या गाड्यांत येतं त्यांचे पंप आणि बेअरिंगं त्या हिशेबाने केलेली असतात. 150 अंशांना, जोराच्या घर्षणात ऑइलचा थर किती जाड राहतो याचं एक माप आहे, एचटीएचएस म्हणतात. 20 च्या ग्रेडला ते किमान 2.6 असावं लागतं, 30 ला 2.9, आणि 5डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-40 ला 3.5. पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये, सहा हजार आरपीएमने चढणाऱ्या जुन्या इंजिनाला मी 2.6 वर सोडणार नाही. डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याची आपल्याकडे फार चिंता नको. 10डब्ल्यू उणे 25 अंशांना तपासतात. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपण त्याच्या आसपासही जात नाही.

दुकानदाराचं 5डब्ल्यू-30 चूक नाही. दाब पुरेसा येत असेल आणि गाडी ऑइल खात नसेल तर खुशाल घाला, बहुधा हँडबुकातल्या तापमानाच्या तक्त्यातही ते सापडेल. पण तुमची गाडी थोडं खाते आणि रविवारी घाटात तापते. मी असतो तर 10डब्ल्यू-40 सेमी सिंथेटिक घातलं असतं, खिसा परवानगी देत असेल तर 5डब्ल्यू-40 फुल सिंथेटिक. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी बघा, ही ऑइलच्या दर्जाची अक्षरं. नंतरचं अक्षर आधीच्याची जागा घेतं, त्यामुळे 2002 च्या गाडीला एसपी चालेल का, ही शंका मनातून काढा. 10डब्ल्यू-40 घालूनही 3,000 ला 50 पीएसआय येत नसेल, तर ऑइलचे डबे बदलत बसू नका, चेंबर उतरवा आणि पंप, पंपाची जाळी, बेअरिंगं बघा.

टकटकीचा ऑइलशी संबंध कमी. या इंजिनात ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रू आणि नट आहेत. इंजिन थंड असताना, सकाळी सकाळी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून क्लिअरन्स, म्हणजे ही फट, लावून घ्या, दोन दशांश मिलिमीटरच्या आसपासचं काम आहे. ज्याला घाई आहे त्याला हे काम देऊ नका. गरम इंजिनावर टॅपेट लावणारे महाभाग अजून आहेत.

ऑइल कुठून जातं ते यवतेश्वरचा घाट सांगेल. कासहून उतरताना ॲक्सिलरेटर सोडून दुसऱ्या गिअरवर खाली या, समर्थ मंदिराजवळ सपाटी लागली की पाय दाबा आणि मागच्या गाडीत मुलाला बसवून धूर बघायला लावा. त्याच क्षणी निळा भपका निघाला आणि थांबला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. ते हेड न उतरवताही बदलता येतात, मात्र हात बसलेला माणूस हवा. उलट चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. हजार किलोमीटरला पाव लिटर जात असेल तर मी इंजिन उघडणार नाही, डिकीत एक लिटरचा डबा ठेवीन.

इंजिन फ्लश (आतला गाळ धुणारं औषध) मात्र या वयाच्या, हिस्ट्री माहीत नसलेल्या इंजिनात घालू नका. सुटलेला गाळ थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी पहिलं ऑइल दीड-दोन हजार किलोमीटरवर काढून टाका, फिल्टरसकट. पुढे दर 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. तुमच्या रोजच्या छोट्या फेऱ्यांत पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला उष्णता मिळत नाही. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलंत तर आतून पिवळट साय धरलेली दिसेल. कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका, एक लांब फेरी मारा.

चार लिटरचा डबा आणला म्हणून चारही लिटर ओतू नका. या इंजिनाला फिल्टरसह साडेतीन लिटरच्या आतबाहेर लागतं, शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत. लेव्हल फार वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने व्हीटेकची पिन सरकत नाही. ड्रेन नटचा ॲल्युमिनियमचा वायसर दरवेळी नवा. जुनाच घालून गळती थांबवायला नट आवळत सुटलं की चेंबरचे आटे जातात.

प्रश्न : माझ्याकडे 2004 ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, 1.8 टर्बो आहे. सांगलीत बरेच जण म्हणतात की जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की ऑइल गळायला लागतं. खरं का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सील आधीच गेलेला असतो, साठलेल्या गाळाने तो तात्पुरता बुजलेला असतो. स्वच्छ ऑइल तो गाळ धुतं आणि गळती उघडी पडते. सील बदला, ऑइलला दोष देऊ नका.

तुमच्या गाडीत तर मिनरलचा विचारही नको. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो. साधं ऑइल त्या उष्णतेत जळून कोळसा होतं, पाइपात आणि बेअरिंगात साठतं. डब्यावर ‘व्हीडब्ल्यू 502 00’ (फोक्सवॅगनचं ऑइलचं मानक) छापलेलं हवं, ग्रेड 5डब्ल्यू-40. एपीआयच्या अक्षरांवर इथे भागत नाही. कंपनीने लांबचा इंटर्व्हल दिला असला तरी तुम्ही साडेसात हजारांवर बदला. आणि कुंभार्ली चढून वर चहाला थांबलात तर किल्ली लगेच फिरवू नका, मिनिटभर आयडलला राहू द्या. गाडी हल्लीच घेतली असेल तर एकदा चेंबर उतरवून पंपाची जाळी पाहाच.

प्रश्न : बाइकचं 20डब्ल्यू-50 शिल्लक आहे. कारमध्ये टॉपअपला चालेल?
— एक वाचक, कराड

उत्तर : रस्त्यात अडलात आणि दुसरं काहीच मिळत नसेल तर अर्धा लिटर चालेल. घरी पोचल्यावर पुढचं ऑइल जरा लवकर बदला. बाइकच्या ऑइलवर जेएएसओ एमए हे जपानी मानक असतं, ते ऑइलात बुडालेल्या ओल्या क्लचसाठी, कारला त्याचा उपयोग नाही. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्याने भोकं पाडा, बूच वेगळं फेका. अखंड डबा परत भरून कुणाच्या तरी दुकानात जातो.