व्हिएतनाम-कंबोडिया-लाओससाठी कुठलं गाइडबुक घ्यावं?

तुम्ही दोघी मैत्रिणी नोव्हेंबरात तीन आठवडे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस स्वतःच्या स्वतः फिरणार, पैसे मोजके आहेत आणि विचारताय की लोनली प्लॅनेट घ्यावं, रफ गाइड घ्यावं की नुसत्या फोनवर भागेल. मी या भागात दोनदा गेलेय, एकदा बहिणीबरोबर आणि एकदा एकटी, त्यामुळे आधी हे सांगते की कंपनी नंतर बघा, पहिल्यांदा आतलं छपाईचं पान उघडा आणि आवृत्तीचं साल बघा.

पहिल्या खेपेला मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनं गाइडबुक स्वस्तात उचललं होतं. त्यात लाओसच्या राजधानीहून, व्हिएंतियानहून, उत्तरेतल्या लुआंग प्रबांगला जायला बस दिलेली, म्हणून आम्ही आल्या आल्या बसची तिकिटं काढली आणि घाटातून जवळजवळ दहा तास हाडं खिळखिळी करून घेतली. तिथे पोचल्यावर गेस्टहाउसच्या बाईंनी सांगितलं, अहो ट्रेन आहे की! चीनपर्यंत जाणारी ती रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तेच अंतर ती दोनेक तासांत कापते. कंबोडियातल्या सिएम रीपचंही तसंच, ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा विमानतळ झाला तो गावापासून चाळीस किलोमीटरच्या वर आहे, जुना अगदी जवळ होता, म्हणजे जुन्या पुस्तकातला रिक्षाखर्च धरून चाललात तर बजेट पहिल्याच दिवशी कोलमडेल. तिथल्या अंगकोरच्या प्राचीन देवळांचं एका दिवसाचं तिकीट २०१७ मध्ये २० डॉलरवरून थेट ३७ वर गेलं. तर या भागासाठी २०२४ च्या आधीचं पुस्तक फुकट मिळालं तरी फक्त इतिहास वाचायला ठेवा. आणि व्हिएतनाममध्ये हनोईत, सायगावात (म्हणजे हो चि मिन्ह सिटीत) रस्त्यावर झेरॉक्स केलेली गाइडबुकं विकतात ती घेऊ नका, नकाशावरची नावंच वाचता येत नाहीत.

आता कुठलं ते. माझी पद्धत अशी की दोन्ही पुस्तकांत एकाच गावाची पानं काढून शेजारी शेजारी वाचायची, दुकानात नाहीतर किंडलच्या सॅम्पलमध्ये. तुम्ही होई आन घ्या. नोव्हेंबरात हनोईची हवा छान कोरडी असते पण मध्य व्हिएतनामात, म्हणजे हुए-होई आनला, तेव्हाच जोराचा पाऊस असतो, होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पाणीसुद्धा शिरतं. जे पुस्तक हे भागवार सांगतं ते घ्या, जे नुसतं 'नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम' म्हणून मोकळं होतं ते परत ठेवा. मग बघा, स्टेशनवरून गावात कसं जायचं, बस कुठून सुटते, हे लिहिलंय का. हॉटेलांच्या यादीवर जाऊ नका, ती ॲपवर ताजी मिळते.

मला स्वतःला नकाशे आणि प्रवासाची माहिती लोनली प्लॅनेटची सोयीची वाटते आणि इतिहास, माणसं, देवळं यावर रफ गाइड जास्त जीव ओतून लिहितं. तीन आठवड्यांत तीन देश करताय तर प्रत्येक देशाचं वेगळं पुस्तक नको, तिन्ही देश एकत्र असलेलं एकच घ्या. संपूर्ण आग्नेय आशियाचं जाडजूड मात्र नको, त्यातली इंडोनेशिया-फिलिपिन्सची पानं तुम्ही उगाच पाठीवर वाहाल आणि लाओसला त्यात जागा कमी मिळते. ट्रेनसाठी सीट सिक्स्टी वन ही फुकट वेबसाइट कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकावरून ठरवू नका, ती म्हणजे व्हिसा. ही पुस्तकं मुख्यतः पाश्चात्त्य पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेली असतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिएतनाममध्ये ४५ दिवस व्हिसाच लागत नाही, आपल्याला ई-व्हिसा लागतो. तो सरकारी साइटवरूनच काढा, आणि कंबोडियाहून परत व्हिएतनामात येऊन विमान धरणार असाल तर मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा आत येता येईल असा काढा, हे विसरलात तर सीमेवर अडकाल.

तुमच्यातली एक शाकाहारी आहे म्हणालात, तर भाषेचं पान नीट बघा. व्हिएतनाममध्ये पाटीवर 'चाय' असा उच्चार होणारा शब्द दिसतो, त्याचा चहाशी संबंध नाही, अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहारी जेवतात, तेव्हा सोय जास्त मिळते, पण एरवी भाजीतही फिश सॉस असतो म्हणून हा शब्द तोंडी बोलण्यापेक्षा पुस्तकात छापलेला दाखवा, कारण सूर जरा चुकला की अर्थ बदलतो.

पुस्तक छापीलच घ्या, लाओसच्या डोंगरात रेंज जाते आणि बॅटरीही संपते. घरी ब्लेडने देशाप्रमाणे तीन भाग कापून टाचून ठेवा, ज्या देशात असाल तेवढाच छोट्या बॅगेत. माझा लाओसचा भाग मी लुआंग प्रबांगच्या गेस्टहाउसच्या कपाटात ठेवून आले, तिथे एक कोरियन मुलगी लगेच तो घेऊन वाचत बसली होती.